हवा गेली तर?

तेजस्विनी बालवडकर पहिल्यांदा त्या व्हॉल्व्हवर बसली, तेव्हा तो व्हॉल्व्ह आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

तिची तरी काय चूक? सकाळी बालेवाडीहून निघून, बस बदलत बदलत ती खडकीला पोहोचली होती. श्रावणातली सर स्टेशनबाहेर गाठ पडल्यासारखी अंगावर आली आणि ओढणी अर्धी भिजवून निघून गेली. भीमरावांच्या कारखान्यात, म्हणजे रेल्वे लाइनीमागच्या एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये ती शिरली, तर भीमराव फोनवर. त्यांनी हातानंच ‘आत जा’ म्हणून सांगितलं. आत कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी लांबोडकं झाकलेलं होतं, बाकाएवढ्या उंचीचं. ती त्यावर टेकली आणि ओढणी पिळायला लागली.

“निवांत बसा, मॅडम,” मागून आवाज आला. “फक्त ते मस्कतला जाणार आहे. त्याच्या आधी उठा म्हणजे झालं.”

ती ताडकन उठली. निळ्या बॉयलर सूटमधला एक सावळा, उंच मुलगा चिंधीनं हात पुसत उभा होता. गळ्यात स्टॉपवॉच. हसू त्याच्या ओठांवर नव्हतं, पण डोळ्यांत कुठेतरी होतं... आणि तिनं पाहिलं तसं तेही त्यानं खाली वळवलं. मग त्यानं ताडपत्री ओढली.

खाली लोखंड होतं. लग्नघरातल्या भाताच्या पातेल्याएवढ्या पोटाचा गोळा आणि त्याला जोडलेलं ते लांब नळकांडं, ज्यावर ती बसली होती. वर एक लाल काटा.

“हे काय आहे?” तिनं विचारलं.

“तुमचाच आहे. तुमच्या पडद्यावर दोन त्रिकोण असतात ना, टोकाला टोक लावलेले? तो हा.”

डेक्कनवरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती उन्हाळ्यापासून हेच करत होती. अरबस्तानातल्या एका गॅसच्या प्लँटचं चित्र पडद्यावर काढायचं. व्हॉल्व्ह उघडा असेल तर दोन त्रिकोण हिरवे, मिटला की लाल. असे शेकडो त्रिकोण तिनं काढले होते आणि एकही व्हॉल्व्ह डोळ्यांनी पाहिला नव्हता. तो पडदा खऱ्या व्हॉल्व्हला जोडून बघायला कंपनीनं तिला आज इथे पाठवलं होतं. जन्मभर भात खाल्लेल्या शहरी माणसाला भाताचं खाचर ओळखू येत नाही म्हणून तिच्या घरचे हसायचे, आज तिची तीच गत झाली होती.

मुलाचं नाव शंभू. शंभू ढोमणे, गाव वणी, तिकडे यवतमाळ जिल्ह्यात. भीमरावांकडचे सगळे व्हॉल्व्ह तो तपासायचा. तिनं कॉम्प्युटर जोडला, तारा ओढल्या, त्यानं हवेचा पाइप लावला. मग तो म्हणाला, “दाबा.”

तिनं माउसचं बटण दाबलं. इतकं हलकं, की गालावरचा केस बाजूला करायलासुद्धा याहून जास्त जोर लागतो. आधी ‘फस्स्’ असा आवाज झाला. मग ते अवजड धूड आतून जागं झालं आणि वरचा लाल काटा वळायला लागला. हळू, ठाम. तिच्या पडद्यावर त्रिकोण हिरवे झाले आणि समोर खरोखरीचं लोखंड उघडलं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. डोळ्यांत पाणी का यावं हे तिला कळेना, पण आलं खरं.

“हे मी केलं?”

“तुम्हीच. लोखंड ऐकते तुमचं,” तो म्हणाला, आणि लगेच वाकून पाइपाचा जोड बघायला लागला.

पुढचे दिवस तेजस्विनी रोज खडकीला यायला लागली. दोन दिवसांचं काम होतं, ते दोन आठवडे चाललं. काम वाढलं की तिनं वाढवलं, ते मी सांगणार नाही, तुम्हाला कळलंच असेल. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की हवेचा आवाज ऐकू यायचा नाही, मग दोघांना व्हॉल्व्हला कान लावून अगदी जवळ बसावं लागे. त्याच्या हातांना तेलाचा आणि साबणाचा मिळून एक वास यायचा. तो तिच्याशी बोलायचा, पण बोलताना बघायचा व्हॉल्व्हकडे.

“माझ्याकडे बघून बोललात तर काही बिघडेल का?” तिनं एकदा विचारलंच.

“काट्यावर नजर ठेवावी लागते, मॅडम,” तो काट्यालाच म्हणाला.

त्यानंच तिला सांगितलं, की प्रत्येक व्हॉल्व्ह बनवायच्या आधी त्याला एकच प्रश्न विचारायचा असतो : हवा गेली तर? हा उघडतो हवेच्या जोरावर. पण नळकांड्याच्या आत एक जाडजूड स्प्रिंग दाबून बसवलेली असते. प्लँटला आग लागली, वीज गेली, पाइप तुटला, तर हवा जाते आणि ती स्प्रिंग सुटते. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह असेल तर तो अशा वेळी उघडायचा. गॅसचा असेल तर मिटायचा.

“तिथे उन्हात लोखंडाला हात लावला तर कातडी निघते,” शंभू म्हणाला. “वाळू उडून राहते दिवसभर. मैलभर माणूस नाही. हा तिथे वर्षानुवर्षं उघडा पडून राहील, कोणी ढुंकून पाहणार नाही याच्याकडे. मग एक दिवस हवा जाईल. त्या दिवशी यानं मिटायचं. कोणाला विचारायचं नाही.”

तेजस्विनी त्या लोखंडाकडे बघत राहिली. देवळात गेल्यावर आपोआप आवाज खाली येतो, तसं तिला झालं. आपण यावर बसलो होतो... तिनं नकळत नळकांड्याला बोटं लावली आणि ती कपाळाला टेकवली, पाय लागल्यावर करतात तशी. शंभूनं ते पाहिलं. तो हसला नाही. त्या क्षणी तो तिला आवडला, म्हणजे आधी आवडत होताच, पण आता तिनं ते स्वतःशी कबूल केलं.

“आणि शंभूराव, तुमची हवा गेली तर?” तिनं मग डोळे बारीक करून विचारलं. “उघडता की मिटता?”

“टेस्ट नाही झाली अजून,” तो म्हणाला.

भीमरावांना हे सगळं दिसत होतं. ते कारखान्याचे मालक असले तरी स्वभावानं शेजाऱ्यासारखे होते. चहा पिता पिता त्यांनी तिला शंभूची एक गोष्ट सांगितली. मागे एकदा ट्रक दारात उभा, माल चढायचा बाकी, आणि शेवटच्या टेस्टला कुणीतरी हाक मारली म्हणून शंभूनं क्षणभर मान वळवली. काटा पोहोचलेला त्यानं पाहिला नाही. सगळे म्हणाले, अरे, रोज तेवढाच वेळ लागतो, लिही. पण हा पठ्ठ्या ऐकेना. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते सांगणार नाही म्हणाला. सगळी मांडामांड परत करून टेस्ट पुन्हा घेतली, तोवर ट्रकवाला निघून गेला.

“हा माझा धंदा बुडवणार,” भीमराव म्हणाले, “आणि गंमत म्हणजे याच्यामुळेच धंदा चाललाय. अरबस्तानातले लोक मला ओळखत नाहीत, पण शंभूनं पाहिलंय म्हटलं की माल घेतात.”

त्याच लोकांनी आता शंभूला बोलावलं होतं. हे व्हॉल्व्ह बसवायचे, सांभाळायचे, दोन वर्षं तिथेच राहायचं. शुक्रवारी गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्टरसमोर टेस्ट झाली की शनिवारी ट्रकबरोबर तो मुंबईला जाणार आणि तिथून विमानानं पुढे.

आणि इकडे बालेवाडीत तेजस्विनीला वाकडचं स्थळ आलं होतं. हिंजवडीला आयटी पार्क होणार म्हणून भाताच्या खाचरांना सोन्याचे दिवस आले होते आणि बालवडकरांच्या मुलीला तर जास्तच. तिची आई सोजरबाई मात्र सरळ बाई होती. तिनं लेकीला चुलीपाशी बसवून विचारलं, “पोरगं बरं हाय. पर तुझ्या मनात दुसरं कुनी आसंल तर आत्ताच सांग. मागनं मला तोंडघशी पाडू नगंस.”

मनात होतं. पण त्याच्या मनात काय होतं, हे कुठे कळत होतं? तेजस्विनी म्हणाली, “शुक्रवारी सांगते.” शुक्रवारपर्यंत त्यानं एक शब्द बोलावा, एवढंच तिला हवं होतं. एका शब्दावर ती दोन वर्षं थांबली असती. शब्दच नसेल तर थांबायचं कशाच्या आधारावर?

गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते, म्हणून बुधवारीच तिनं त्याला वाकडच्या स्थळाचं सांगून टाकलं. अगदी सहज, तारा गुंडाळता गुंडाळता. तो थांबला.

“चांगलं आहे का स्थळ?”

“चांगलं आहे.”

“मग...” असं म्हणून तो एक नट आवळायला लागला, जो त्यानं सकाळीच आवळला होता. तेजस्विनीला संताप आला आणि रडूही आलं. त्याच्या मनात काय चाललं होतं ते तिला दिसत होतं. वडील कोळशाच्या खाणीत, आपण खडकीत भाड्याच्या खोलीत, आणि ही रस्त्यालगतच्या जमिनीच्या मालकाची मुलगी. तो सगळा विचार त्यानं एकट्यानं करून टाकला होता आणि तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

शुक्रवारी इन्स्पेक्टर नेने आले, नारायण पेठेतून स्कूटरवर, पायापर्यंत रेनकोट घालून. गोड बोलण्याबद्दल त्यांची ख्याती नव्हती. भीमरावांनी चहा विचारला तर म्हणाले, “मी व्हॉल्व्ह बघायला आलोय. चहा घरी होतो.”

टेस्ट साधी होती. तेजस्विनीनं कॉम्प्युटरवरून हवा तोडायची. स्प्रिंग सुटून व्हॉल्व्ह मिटायचा. काटा आडवा होईपर्यंत किती वेळ लागला, तो शंभूनं व्हॉल्व्हपाशी उभं राहून, डोळ्यांनी पाहून सांगायचा. गिऱ्हाइकाचा नियमच तसा होता : कॉम्प्युटर काय म्हणतो ते चालणार नाही, माणसानं पाहिलेलं हवं.

तेजस्विनीनं माउसवर हात ठेवला. हे बटण दाबलं की व्हॉल्व्ह जाईल, त्याच्याबरोबर तो जाईल, आणि संध्याकाळी आईला उत्तर द्यायचं.

“घ्या,” नेने म्हणाले.

तिनं दाबलं. सगळी हवा एकदम मोकळी झाली, शेडमधली कबुतरं फडफडून उडाली, आणि इतके दिवस दाबून बसलेली ती स्प्रिंग सुटली. धप्प... आवाज कानाआधी तळपायांना कळला. कितीदा पाहिलं होतं तिनं हे, तरी ती दचकलीच. पडद्यावर त्रिकोण लाल झाले. तिनं मान वर केली.

शंभू तिच्याकडे बघत होता. ओझरतं नाही, चोरून नाही. सरळ, पापणी न हलवता, जणू काही चुकून राहून जाऊ नये.

“वेळ?” नेनेंनी विचारलं.

शंभूनं आत्ता कुठे मान वळवून काट्याकडे पाहिलं, तर तो केव्हाचाच आडवा झालेला. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला.

“अरे, सांग ना वेळ,” भीमराव म्हणाले. “रोजचाच तर आहे.”

रोजचाच होता. शेडमधल्या प्रत्येकाला तो पाठ होता. तेजस्विनी मनातल्या मनात म्हणत होती, सांगून टाक, नाहीतर डोळ्यांत काही गेलं म्हण...

“मी काटा पाहिला नाही, साहेब,” शंभू म्हणाला.

“डोळे मिटले होते?”

“उघडे होते.”

“मग होते कुठे?”

शंभूचा चेहरा कानांपर्यंत तापला. पण विचारलं होतं ते टेस्टमध्ये, आणि टेस्टमध्ये खोटं त्याला येत नव्हतं.

“मॅडमकडे होते,” तो म्हणाला. “उद्या जातो मी. दोन वर्षं दिसणार नाहीत, म्हणून पाहून राहिलो होतो.”

भीमरावांच्या हातातला कप तसाच राहिला. नेनेंनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला.

“किती वेळ पाहत होतात, ते तरी मोजलंत का?”

शंभूनं हातातल्या स्टॉपवॉचकडे पाहिलं. “अजून चालूच आहे, साहेब.”

“थांबवा ते,” नेने म्हणाले. “टेस्ट परत घ्या. आणि मॅडम, आपण जरा त्या खांबाआड बसा, म्हणजे आज घरी जाता येईल सगळ्यांना.”

तेजस्विनी उठली. एवढ्या माणसांसमोर, एवढ्या सरळ शब्दांत... हे असं खरं बोलणं तिनं आजवर कुणाकडून ऐकलं नव्हतं. तिनं खुर्ची उचलली. पण खांबाआड नेली नाही. व्हॉल्व्हच्या शेजारी, शंभूच्या बरोब्बर समोर ठेवली आणि तिथूनच माउसची तार ओढून घेतली.

“मी इथेच बसते, साहेब,” ती म्हणाली. “यांना आता सवय करून घ्यावी लागेल.”

नेनेंच्या मिशीत काहीतरी हललं. भीमरावांनी तोंड फिरवून नाक शिंकरलं. शंभूनं तिच्याकडे पाहिलं, मग काट्याकडे पाहिलं, आणि या वेळी काटा आडवा होईपर्यंत नजर हलवली नाही. मग वेळ सांगितला. नेनेंनी सही केली आणि चहा मागून घेतला.

भीमरावांच्या टेबलावरून तेजस्विनीनं घरी फोन लावला. शंभू दारात उभा होता, आत यावं की नाही ते न कळून.

“आई, वाकडच्यांना नाही म्हणून कळव.”

“कोन हाय?” सोजरबाईंनी थेट विचारलं.

“वणीचा आहे. खाणकामगाराचा मुलगा. जमीन नाही, काही नाही. पण खरं बोलतो, आई. जीव गेला तरी खरंच बोलतो. आणि उद्याच दोन वर्षांसाठी लांब चाललाय.”

तेजस्विनीनं फोनची वायर मुठीत आवळून धरली.

“उद्या चाललाय तर फोनवर काय बोलत बसलीस?” सोजरबाई म्हणाल्या. “आज जेवायला घिऊन ये.”