धरमसिंगच्या डोंग्यातली वायर

लग्नाच्या पंगतीत मी इसापूर धरणातल्या मगरीची गोष्ट रंगवून सांगतो. ती साफ खोटी आहे. त्याच धरणावरची ही मात्र पंगतीत सांगवत नाही.

धरमसिंगचा डोंगा म्हणजे मासेमारीची लोखंडी नाव, लांबीला जेमतेम दोन बैलगाड्या. मागे बॅटरी, समोरच्या टोकाला दिवा. मधली वायर दुहेरी तळाच्या पोकळीतून गेलेली; ती उंदरांनी खाल्ली होती. त्याची बायको हंसाबाई वर्षभर मागे लागली होती, दिवा करून घ्या म्हणून. "सोयाबीन निघू दे, मंग पाहू," हा म्हणायचा. दिवाळीच्या तोंडावर, अंधार पडता पडता, जाळं ओढताना ती पाण्यात गेली. हाक ऐकू आली, बाई दिसली नाही. नंतरही सापडली नाही.

मी वायरिंगची कामं करतो; उन्हाळ्यात त्यानं मला बोलावलं.

"आता कायले दिवा, धरमसिंग? तू तं पाण्यात जातच नाही."

"तुमी टाका तं, श्रीकृष्णभाऊ."

अशा जागी जुन्या वायरला नवी बांधायची अन् दुसऱ्या टोकाकडून ओढायची. मागच्या झाकणातून मी कमरेपर्यंत आत शिरलो. गंज, मासळीचा शिळा वास, छातीखाली थंड पत्रा. धरमसिंग समोर ओढायला बसला. खुणा त्यानंच सांगितल्या, नवरा-बायको जाळ्याच्या दोरीला द्यायचे त्याच. एक झटका म्हणजे थांब, दोन म्हणजे आणखी सोड.

दोन झटके आले. सोडली. पुन्हा दोन. हात हलका होता.

"काहून बे, बाईसारखा नाजूक ओढून राह्यला?"

दोन झटके.

मग बोटांना कळलं, भेंडोळं संपत आलंय. नव्वद मीटरचं होतं.

"अबे थांब! किती घेशील?"

"काय घेतलं मी?"

आवाज माझ्या पायांकडून आला. तसाच मागे सरकत बाहेर निघालो. धरमसिंग काठावर, दोन्ही हातांत चहाचे कप.

"जुनी वायर तुटून हातात आली माह्या. मी तं कवाचाच उतरलो."

वायरचं शेवटचं टोक बॅटरीपाशी ताठ झालं होतं. ते हललं. दोनदा.

त्यानं कप खाली ठेवले. मला बाजूला सारलं, टोक स्वतः बॅटरीला जोडलं, खटका दाबला.

समोरचा दिवा लागला नाही.

दूर, जिथं ते जाळं टाकायचे, तिथं पाण्याच्या तळाशी पिवळा उजेड पडला.

धरमसिंग त्याच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत पुटपुटत राहिला. शब्द कळले नाहीत. माफी कोणत्याही बोलीत कळते. मग मला म्हणाला, "आता दिसत असंन ना तिले?"

मी चहा प्यालो. दुसरं काय करणार होतो?

झटके अजून येतात म्हणे. वायर तर संपली, म्हणून तो काठावरून डोंग्याची दोरी सोडतो, रोज थोडी, अन् डोंग्यात जाऊन बसतो. काल गेलतो. डोंगा पार उजेडाजवळ पोचला होता. मी हाक मारली, "धरमसिंग, ये बाप्पा माघारी!" त्यानं बसल्या जागेवरून हात केला.

काठावरच्या खुंट्याला दोरी हातभर उरली होती.