पुसल्याबिगर

याकोब मास्तरांचं घर जवळजवळ रिकामं झालं होतं. गॅस, भांडी, पलंग सगळं कालच टेम्पोतून पुण्याला, मुलाकडं गेलं. मागं उरला होता जुना कॉम्प्युटर, तो चर्चमधल्या संडेस्कूलच्या पोरांना द्यायचा होता. श्रीगोंद्यात उसाचं गाळप सुरू झालं होतं. दुपारच्या वाऱ्यावर मळीचा वास आत येत होता आणि रस्त्यावरून ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते.

"मामा, मामीच्या गाण्याचं काय करायचं?" भाची प्रार्थनानं विचारलं. ती गावात कॉम्प्युटर क्लास घ्यायची.

एलिझाबेथ करंज्या तळताना म्हणायची, ते नाताळचं गाणं. मास्तरांनी एकदा माइक लावून ते भरून घेतलं होतं. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर वीज गेली आणि रेकॉर्डिंग तिथंच तुटलं. एलिझाबेथ भलती लाजाळू. 'कुणाला ऐकवायचं न्हाई' असा तिनं शब्द घेतला होता. ती गेल्यापासून ते लावायचं मास्तरांचंही धाडस झालं नव्हतं.

"पुसून टाक," ते म्हणाले.

"पेनड्राइव्हवर घेऊन ठेवू?"

"नको. माझ्यामागं तो कुणाच्या हाती पडेल, सांगता येतं का?"

बोलले खरे, पण तिचा आवाज म्हणून जगात तेवढंच उरलं होतं.

प्रार्थनानं समजावलं, की नुसतं डिलीट केलं तर फक्त नाव जातं. फाइल तशीच पडून राहते आणि शोधणाऱ्याला सापडते. तिच्यावर दुसरं काहीबाही पुन्हा पुन्हा लिहावं लागतं. मास्तरांना पटलं. कोरड्या डस्टरनं पुसलेल्या फळ्यावर कालची अक्षरं दिसतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं.

स्क्रीनवर हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली. मास्तर बघत बसले. एलिझाबेथ जामखेडकडची. तिच्या बोलण्यात विचारणं म्हणजे पुसणं. यांनी सायकल विकली, पेरूचं झाड तोडलं, की ती कमरेवर हात ठेवून दारात उभी. "मला पुसलंत का?"

"मी फळा पुसतो, बायकोला नाही," मास्तर हसून म्हणायचे. मग दिवसभर अबोला, आणि संध्याकाळी मुकाट्यानं समोर ठेवलेला चहा. त्या चहाची त्यांना आत्ता फार आठवण आली.

"झालं," प्रार्थना म्हणाली आणि लगेच पुढं वाकली. "हे कुठून आलं?"

रिकाम्या फोल्डरमध्ये एक फाइल होती. तिला नाव नव्हतं.

"लाव," मास्तर म्हणाले.

आधी ट्रॅक्टरवरची गाणी ऐकू आली. मग प्रार्थनाचाच आवाज: मामा, मामीच्या गाण्याचं काय करायचं? मग मास्तरांचा: पुसून टाक. मग बांगड्यांची किणकिण आणि अगदी जवळून,

"मला पुसलंत का?"

प्रार्थनानं कॉम्प्युटरच्या मागं हात घालून पाहिलं. माइक नव्हता. उंदरांनी कुरतडला म्हणून तो कधीच फेकून दिला होता.

"मी परत पुसते, मामा."

"थांब."

मास्तर उठून उभे राहिले. रिकाम्या खोलीकडं बघून म्हणाले, "एलिझाबेथ, चुकलंच माझं. आधी विचारायचं राहिलं. गाणं पुसू का?"

खोलीत काहीच हललं नाही. स्क्रीनवरची फाइल मात्र थोडी लांबली. प्रार्थनानं मामांकडं पाहिलं आणि शेवटचा भाग लावला. मास्तरांचा प्रश्न आला. मग राग गेल्यावरचा तिचा तो मऊ आवाज.

"पुसलंत, लई झालं. आता पुसा."

पट्टी पुन्हा भरली. फोल्डर रिकामं झालं. प्रार्थनानं घाईघाईनं कॉम्प्युटर बंद केला, भिंतीतून वायर काढली. मास्तर डोळे टिपत होते.

रिकाम्या स्वयंपाकघरात तेल चरचरलं.

मग गाणं सुरू झालं. पहिलं कडवं, दुसरं कडवं. प्रार्थनानं मामांची बाही घट्ट धरली. तिसऱ्या कडव्याचा मध्य आला. वीज गेली होती ती जागा आली.

गाणं थांबलं नाही. पुढं गेलं.

वायर अजून प्रार्थनाच्या हातात होती.