शिसवी टेबलांची जोडी

दोघांचे हात एकाच वेळी एकाच टेबलावर पडले आणि चटका बसल्यासारखे मागे आले.

"तुम्ही घ्या," तो म्हणाला.

"नको... तसंही मला दोन हवीत."

"मग एक माझ्यासाठी सोडा. खोलीत दिवा अंथरुणावर ठेवून वाचतो मी. एक दिवस जळून मरेन, आणि पाप तुमच्या माथी."

शरयूने पदर तोंडाशी नेला, पण हसू काही लपलं नाही.

दौलतगंजातल्या लीलाताईंच्या घरी त्या दिवसांत अशीच गर्दी असायची. संस्थान गेलं, आता मध्यभारत राज्यही गेलं, नव्या प्रांताची राजधानी भोपाळ. कचेऱ्या एकामागून एक तिकडे चालल्या होत्या. जाणारे सामान विकत होते, राहणारे निवडत होते. लीलाताई मुलाकडे इंदूरला निघाल्या होत्या. शरयूचे वडील रघुनाथराव, तिचे अण्णा, पेन्शनीत निघालेले, ते कुठले हलतात? त्यांनी उलट नवा सोफा आणला होता. पाहुणे कप गुडघ्यावर तोलत बसायचे, म्हणून सोफ्याच्या बाजूला ठेवायला छोटी टेबलं निवडायचं काम लेकीकडे आलं. घरात ही दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"जोडी फोडू नये, सासूबाई म्हणायच्या," लीलाताई पुटपुटल्या. "पण घ्या बेटा, एकेक घ्या. घर खाली करायचंय मला."

मग काय, एकाच टांग्यात दोन टेबलं आणि दोन माणसं. त्याचं नाव गोपाळकृष्ण टेंबे, कचेरीत नकाशे काढायचा. घर येईस्तोवर शरयूला एवढं कळलं होतं, आणि अजून कळून घ्यावंसं वाटत होतं.

थोड्या दिवसांनी महाराज बाड्याच्या चौकात तो समोर आला. सकाळचं धुकं उतरलं नव्हतं.

"तुमचं टेबल... बरं आहे ना?" त्याने विचारलं.

"का?" शरयूने लगेच विचारलं.

"माझ्यावर रोज दुपारी कपाचं ओलं वर्तुळ उमटतं. टेबलावर म्हणतोय मी. कप न ठेवता."

"कोमट असतं," ती हळूच म्हणाली. "माझ्याकडे जवळच्या कोपऱ्यावर. बसणाऱ्याच्या हाताशी."

"माझ्याकडे पार लांबच्या."

घाबरली होती दोघंही, खोटं कशाला सांगू. पण भुताच्या निमित्ताने रोज भेटता येतंय म्हटल्यावर मांत्रिकाचं नाव कुणी काढलं नाही. शेवटी दोघं लीलाताईंकडे गेली, तर ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"सासूबाई आणि मामंजी," त्या म्हणाल्या. "वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं बोलायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. बैठकीत तर दिवसभर माणसं. मग ती दोघं कपानं बोलायची. कप जवळ ठेवला की 'या', लांब ठेवला की 'आज जमत नाही'. सासूबाईंचा शेवटचा दिवस आठवतो मला... बैठकीत बसल्या होत्या. त्यांनी कप जवळ ठेवला. समोर पाहुणे. मामंजींनी लांब ठेवला."

"माझं टेबल कुणाचं?" शरयूने विचारलं.

"सासूबाईंचं."

म्हणजे ती अजून बोलावत होती, आणि तो अजून नाही म्हणत होता. दोघं परत निघाली. गोपाळकृष्णाच्या खिशात भोपाळच्या बदलीचा हुकूम होता. ते त्याने घर आल्यावर, फाटकाशी सांगितलं. शरयू वाट पाहत उभी राहिली. तो पुढे काहीतरी विचारेल... पण तो नमस्कार करून निघाला. त्या रात्री तिने उशी भिजवली.

जाण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, तो टेबल घेऊन हजर.

"भोपाळला ट्रंकेपुरतीच जागा आहे," तो रघुनाथरावांना म्हणाला. "जोडी तरी एकत्र राहील."

सोफ्याच्या दोन्ही बाजूंना टेबलं लागली. शरयूने पुरुषमंडळींना चहा दिला आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली. अण्णा भोपाळच्या पाण्याला नावं ठेवत होते. गोपाळकृष्णाने दोन घोट घेतले आणि कप ठेवला... पार लांबच्या कोपऱ्यावर. त्याचं त्यालाही कळलं नसावं.

इकडे शरयूच्या टेबलावर कपच नव्हता. तरी जवळच्या कोपऱ्यावर वर्तुळ उमटू लागलं, हळूहळू, कुणीतरी जपून ठेवावं तसं. एक थेंब ओघळून फरशीवर पडला. शरयू मनाशी म्हणाली, आज गप्प बसले, तर जन्मभर मीही हेच करत राहणार.

"अण्णा, मला यांच्याशी लग्न करायचंय."

अण्णांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"आणि तुम्ही," ती गोपाळकृष्णाकडे वळली. "हो म्हणा, नाही म्हणा, पण अण्णांसमोर बोला."

तो उठून उभा राहिला, कानापर्यंत लाल. "हो," तो म्हणाला, आणि मग जरा मोठ्याने, "रघुनाथराव, हो. तेच विचारायला आलो होतो. हिंमत होईना, म्हणून टेबल ठेवून पळणार होतो."

अण्णा म्हणाले, "जा पोरी. खुशाल जा भोपाळला. तुझं टेबल मात्र इथेच राहू दे."

"अण्णा, त्या टेबलावर..."

"ठाऊक आहे. तू दुपारी बाहेर पडलीस की मी इथे येऊन बसतो." ते ओल्या वर्तुळाकडे बघत होते. "मला वाटलं, तुझी आई येते. फार बोलायचं राहिलं होतं गं तिच्याशी. रोज थोडं थोडं बोलतोय."