दीडशे फुटांवरची घार

अकराच्या आत घारीच्या पिल्लांचं स्पष्ट चित्रण खाली आणायचं, एवढीच ती मोहीम होती. पण जागा परळच्या मधोमध असूनही भल्याभल्यांनी टाळलेली. बंद गिरणीचं आवार! चाळीस वर्षं तिथे कोणी झाडलं नव्हतं की छाटलं नव्हतं. पिंपळांनी छपरं फोडली होती, घाणेरी पुरुषभर वाढली होती, आणि त्या रानाच्या पार टोकाला उंच चिमणी उभी होती. अकरा वाजता तिचं पाडकाम सुरू होणार होतं.

“वर घरटं आहे, दोन पिल्लं आहेत,” असं दगडूकाका तीन दिवस दिसेल त्याला सांगत होते. काका याच गिरणीत साळखात्यात मागावर कामाला होते, आता पंचाहत्तरीचे. पाडकाम बघणारे इंजिनिअर हितेंद्र काही वाईट माणूस नव्हते. पण मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्याच्या शब्दावर काम थांबवणार तरी कसं? “पिल्लं दिसतील असा व्हिडिओ दाखवा, लगेच थांबवतो,” ते म्हणाले. मग काकांनी शेजारच्या अनुजाचं दार ठोठावलं. ती लग्नांत ड्रोन उडवायची. तिने धावपळ करून पोलिसांची परवानगी काढली, कॅमेऱ्यांची कामं करणाऱ्या ठाकूरद्वारच्या विहंगला सोबत घेतलं आणि सव्वासातला तिघं भिंतीच्या खिंडारातून आत शिरली.

घार घरट्याजवळ कोणालाही फिरकू देत नाही. म्हणून ड्रोन दीडशे फूट लांबच ठेवायचा होता. ड्रोनवरच्या ॲक्शन कॅमेऱ्याचं रुंद भिंग काढून विहंगने लांबचं मोठं दाखवणारं भिंग बसवलं होतं, घरी फोकस जुळवून ते नेलपॉलिशच्या थेंबाने पक्कं केलं होतं. स्वारी त्यावर बेहद्द खूश होती.

काका काठीने घाणेरी बाजूला सारत पुढे चालले. “हय कांडीखाता. डावीकडे वळा, उजवीकडे जमीन पोकळ असा!” खाती उरली नव्हती, तरी काकांचे पाय वाट विसरले नव्हते. एका ढिगाऱ्यावरून भलीमोठी धामण सळसळत गेली. विहंग दचकला, उजवीकडे सरकला आणि कर्रर्र! गंजका पत्रा मोडला. कमरेपर्यंत तो खाली गेला. पायाखाली काहीच नव्हतं!

“हलू नको रे!” अनुजा ओरडली. काकांनी काठी आडवी टाकली. विहंगने ती पकडली. अनुजाने त्याच्या बॅगेचा पट्टा धरून जीव खाऊन ओढलं. तो वर आला तेव्हा खाली जुन्या हौदाचं काळं पाणी दिसत होतं. यापुढे दोघंही काकांच्या पावलावर पाऊल टाकत चालली.

बॉयलरघराच्या गच्चीवर पोचायला नऊ वाजले. इथून चिमणीचा माथा मोकळा दिसत होता. ड्रोन सूं करत वर गेला आणि तिघांनी रिमोटच्या पडद्यावर माना घातल्या. पाहतात तो काय, नुसता तपकिरी धब्बा! घरटं की पालापाचोळा, कळेना.

“आणखी जवळ ने,” विहंग म्हणाला. “पंधरा-वीस फुटांवर. दिसेल मग.”

अनुजाची बोटं क्षणभर थबकली. तिलाही मोह झाला होता. तेवढ्यात आकाशातून घार सुटली! अनुजाने ड्रोन सपकन खाली घेतला. घार वरून गेली. थोडक्यात वाचली!

“पंख्यात अडकली असती ना ती! जवळ नाही न्यायचा म्हणजे नाही,” अनुजा म्हणाली. “तू फोकस कशावर केला होतास, ते सांग.”

“आमच्या वाडीत. गॅलरीतून समोरच्या यशोदाबाईंच्या घड्याळावर. सेकंदकाटासुद्धा दिसत होता!”

“आणि घड्याळ किती लांब?”

“असेल तीसेक फूट...” विहंगचा चेहरा खर्रकन उतरला. बिचाऱ्याचा तरी काय दोष? जन्म वाडीत गेलेल्या माणसाला समोरची गॅलरी म्हणजे जगाचं टोकच वाटणार.

आता एकच बॅटरी उरली होती. विहंगने मांडी घातली. सेफ्टी पिनने नेलपॉलिश खरवडलं. दूरच्या टॉवरवरच्या क्रेनच्या आकड्यांवर कॅमेरा रोखला आणि भिंग फिरवलं. आकडे आणखीच विरघळले. उलटं फिरवलं. जास्त झालं! श्वास रोखून केसभर मागे. आणि आकडे लख्ख उमटले!

“पण आता पक्कं कशाने करू? नेलपॉलिश घरी राहिलं.”

काकांनी चंची उघडली आणि बोटावर चुना घेतला. “सुकलो की हलायचो नाय.”

“काका, भिंगाला चुना?” विहंग कळवळला. पण दुसरा उपाय नव्हता. काकांनी भिंगाच्या आट्यांवर, काचेला न लावता, अलगद चुना लावला. इतकी वर्षं तुटलेला धागा सांधलेले हात ते. उन्हात चुना सुकेपर्यंत सव्वादहा झाले.

ड्रोन पुन्हा उडाला. दीडशे फूट. तिथेच स्थिर. घार घिरट्या घालत होती, पण आली नाही. पडद्यावर काटक्या वेगळ्या दिसू लागल्या, मग एक मळकी चिंधी, आणि चिंधीवर एक आ वासलेली चोच!

“एक!” अनुजा किंचाळली. “दुसरं! काका... अहो काका, तीन आहेत!”

धापा टाकत तिघं गेटवर पोचली तेव्हा अकरा वाजायला सात मिनिटं होती. हितेंद्रनी व्हिडिओ पाहिला, पुन्हा पाहिला. मग मान वर करून चिमणीकडे पाहिलं आणि फोन लावला. “माणसं परत पाठवा. पिल्लं उडेपर्यंत चिमणीला हात लावायचा नाही.” फोन ठेवून ते काकांकडे वळले. “माफ करा काका. तुम्ही बरोबर बघितलं होतं.”

हितेंद्र गेल्यावर काका गेटजवळच्या दगडावर बसले आणि हळूच म्हणाले, “चेडवा, मी काय बघूक नव्हतंय गो. घार चारो घेऊन वर जाय, तेवढाच दिसा. दोन पिल्लां आपली अंदाजान सांगितलंय. नुसतो अंदाज म्हटला असता तर कोण थांबला असता?”

अनुजा त्यांच्याकडे बघतच राहिली. या अंदाजासाठी विहंग हौदात जाता जाता वाचला होता! तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिने पडदा काकांच्या अगदी डोळ्यांजवळ धरला आणि चित्र बोटांनी मोठं केलं.

“आता नीट बघा. घाई नाही.”

काका बराच वेळ बघत राहिले. बोट लावून त्यांनी पिल्लं मोजली. एकदा मोजली, आणि मग परत पहिल्यापासून मोजली.