धुलाईत गेलेला नंबर

अंबरनाथला उल्हासनगरच्या शेअर रिक्षात यशोधरा चढली आणि बघते तर — शेजारी राजरत्न. रोज चामटोलीहून बाइकवर येणारा माणूस, नेमका आजच.

"पंक्चर झाली," तो न विचारताच म्हणाला.

कालच त्याला ती जागा मिळाली होती. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात सॅम्पल शिवणाऱ्याची जागा एकच, आणि दोघांचाही तिच्यावर डोळा. दोघांनी एकेक पीस शिवला, खिशाच्या आत खडूने आपापला नंबर टाकला. पीस धुलाईहून परत आले तेव्हा खडू साफ उडालेला. सेठने त्यातला चांगला उचलला नि म्हणाला, "ये तो राजरत्न का हाथ है."

त्या पीसच्या बेल्टच्या लूपखाली दुहेरी टाका होता. तसा टाका कारखान्यात एकच बाई घालते. पण तो टाका आपला आहे, हे यशोधराने सेठला सांगितलं नाही. कुणी खरं मानलं नाही तर... आणि ह्याला? ह्याला कळलं नसेल? की कळलं, आणि तरीही...?

"बोलणार नाहीस?"

"अभिनंदन."

"टोमणापण दुहेरी टाक्याचा घालतेस."

ती गर्रकन वळली. "म्हणजे ओळखलास तू."

"दोन वर्षं बाजूच्या मशीनवर बसून तुझे टाकेच तर बघतोय... टाकेच असं नाही." त्याचे कान लाल झाले. "सेठला कालच सांगितलं. तो बोलला, बेटा, एक बार बोल दिया सो बोल दिया. मी सोडतो ती जागा, यशू."

तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. जागा मात्र गेली ती गेलीच. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने रस्त्याच्या खड्ड्यांवर ढकललं.

"सोडू नकोस. दिलेली जागा मला नको. दिवाळीच्या सॅम्पलला परत बसू दोघं. तुला हरवायचंय मला, सगळ्यांसमोर. आणि नंबर दोऱ्याने टाकायचा."

"कुणीही जिंकलं तरी... माझ्याशी बोलशील ना?"

म्हणजे धाकधूक त्यालाही होती. तिला एकदम हलकं वाटलं.

"आधी बाइकचं पंक्चर काढ."

तो बाहेर बघत राहिला. कॅम्प तीनचा नाका आला.

"पंक्चर झालंच नव्हतं."

यशोधरा उतरली, ओढणी सावरली.

"मग उद्यापण होऊ दे," ती म्हणाली.