सावरखोलचा ताप

पाचगणीच्या प्रयोगशाळेत त्या महिन्यात दुपारीही दिवे लावावे लागत. धुकं काचांना टेकून उभं असे. डॉ. नीरजा हरकरे पलंगावर पडून होती. दंडात जागर-४७ टोचून घेतल्याचा दुसरा दिवस. बारीक तापाच्या गुंगीत तिला चंद्रपूरचं घर दिसत होतं, गोवर निघाला असताना कपाळावर ओलं फडकं ठेवणारी आई दिसत होती. मग धुकं घरात शिरे, आणि आई त्यात विरघळून जाई.

जागर-४७ हे विषमवलयी संयुग होतं : अणूंच्या कड्यात कार्बनबरोबर नायट्रोजनही गुंफलेला. डॉ. फिरोज मुजावरांनी नऊ वर्षं एकेक अणू बदलत ते घडवलं होतं. शरीरात येऊन गेलेल्या विषाणूंची ओळख स्मृतिपेशी जपून ठेवतात. जागर त्या साऱ्यांना एकदम उठवी, आणि रक्तात विषाणूंशी लढणारी प्रतिपिंडं वाहू लागत. प्राण्यांवरचे प्रयोग संपले होते. नीरजा ही पहिली स्वयंसेविका.

तिसऱ्या दिवशी मुजावर अहवाल घेऊन आले. खुर्ची ओढून बसले आणि पहिलं पान पुन्हा उलटून पाहू लागले.

"वाईट आहे का काही, सर?"

"गोवर, कांजिण्या, सगळं बरोबर. पण सावरखोलच्या तापाची प्रतिपिंडं कुठून आली? तू कोकणात राहिलीस कधी?"

"नाही. आणि तो ताप तर एकाच गावात आला होता ना?"

"एकाच गावात, एकाच वर्षी. चाळीस वर्षं झाली. तू जन्मलीही नव्हतीस." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे जागर खोट्या आठवणी उठवतंय. असलं औषध माणसाला कसं द्यायचं? बंद करावं लागेल."

नीरजा उठून बसली. "आधी ती प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी बघू."

पेशी वेगळ्या काढायला आठ दिवस लागले. मुजावरांनी जनुकीय खुणा तीनदा ताडून पाहिल्या.

"या तुझ्या पेशी नाहीत, नीरजा. निम्म्या खुणा जुळतात, निम्म्या परक्या."

नीरजानं पडद्यावरच्या खुणा स्वतः एकदा वाचल्या. गर्भातल्या बाळात आईच्या थोड्या पेशी उतरतात आणि पुढे कित्येक वर्षं टिकतात. जागरनं शरीरातल्या सगळ्याच स्मृतिपेशींना हाक दिली होती. त्या कुणाच्या, हे त्याला कुठून कळणार?

"पण तुझी आई चंद्रपूरची," मुजावर म्हणाले.

"मी दत्तक आहे, सर. सहा आठवड्यांची होते. जन्मदात्रीचं नाव कागदांत कुठंच नव्हतं."

मुजावरांनी अहवाल हळूच मिटला. "म्हणजे जागर खरंच सांगत होतं."

सावरखोलच्या आरोग्यकेंद्रात जुनी यादी मिळाली. त्या तापातून अकराजण वाचले होते. चार बायका; तिघी तेव्हाच साठीच्या पुढच्या. चौथी मथुरा, वय एकोणीस.

मथुरा अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. नीरजानं सावकाश, सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता मथुरेनं हातातलं सोल चुरगाळून टाकलं होतं.

"घरच्यांनी ठेवूक दिल्यानी नाय माका तुका," ती शेवटी म्हणाली. मग घाबरतच तिनं विचारलं, "माज्या आंगात तुजा काय उरला असात काय गो?"

"असू शकतं," नीरजा म्हणाली. "बाळाच्या पेशीही आईत राहतात. चाळीस चाळीस वर्षं."

मथुरेनं लाल झालेले हात पदराला पुसले. आणि ती स्वतःच्याच दंडावर हलकेच थोपटू लागली.