पुण्याच्या यादीत कोण

कळमेश्वरच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढून ठेवाव्या लागत. अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना. स्टोअरमधली शामला केवळ एसीच्या गारव्यासाठी अनवाणी आत शिरली, तर कॉम्प्युटरच्या पडद्यामागून कोणीतरी विचारलं, "काम आहे, की हवा खायले आल्या?"

"दोन्ही," ती म्हणाली. काम कोणतं, ते तिला अजून सुचायचं होतं...

तो कृष्णकांत, यंत्र सांभाळणारा. त्याने हसून आपली खुर्ची पुढे केली. मग शामलाने झेरॉक्सच्या पानांवरून कॉम्प्युटरची सी भाषा शिकायला घेतली, आणि संध्याकाळच्या बसमध्ये खिडकीजवळच्या जागेवर तिच्यासाठी त्याचा रुमाल पडू लागला. सीताबर्डी येईपर्यंत दोघं फारसं बोलत नसत. बोललं की स्टॉप लवकर यायचा.

जुलैत बातमी आली: पुण्यात नवं ऑफिस, इथली काही माणसं तिकडे. साहेबांनी यंत्रात दोन ग्रुप करायला लावले, कळमेश्वर आणि पुणे. नावं कृष्णकांतनेच भरली, पण सोमवारपर्यंत कोणाला सांगायचं नाही अशी ताकीद होती. शामलाने दोनदा आडून विचारलं. त्याने दोनदा चहा मागवला.

ग्रुपांची फाइल उघडून वाचता आली असती. पण ते तिला चोरून पत्र वाचल्यासारखं वाटलं. ग्रुपाचं नाव दिलं की त्यातली माणसं शोधून देणारं एक फंक्शन सीमध्ये तयारच असतं. तेवढंच शिकून होईल, अशी तिने मनाची समजूत घातली. आधी कळमेश्वर मागायचं, मग पुणे, मग दोन्ही याद्या छापायच्या.

प्रिंटर खरखरला. कळमेश्वरच्या खाली पहिलंच नाव... कृष्णकांत. शामलाने कागद फाडून घडी घातली. पुढचं वाचायची गरजच वाटली नाही.

घरी वडील, वामनराव, हातमागावर बसले होते. रविवारी उमरेडचे पाहुणे तिला बघायला येणार होते. तिने नको म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा. धाग्यांतून धावणारा धोटा थांबला.

"काहून वं? दुसरं कोणी आहे काय?"

ती मागावरच्या कापडाची जरीची किनार बघत राहिली. उद्या उमरेडला तसा निरोप पाठवतो, एवढंच वामनराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाहेर पावसाची झड लागली होती. शामलाने घडी उलगडून कृष्णकांतपुढे ठेवली. "सांगितलं नाही तुम्ही. पण मले कळलं, तुम्ही इथंच राहून राहिले."

त्याने दोन्ही याद्यांवरून बोट फिरवलं.

"शामला, कळमेश्वरच्या या यादीत तुमचं नाव कुठं आहे?"

तिने पाहिलं. नव्हतंच. खाली पुण्याच्या यादीत तीच चार नावं, त्याच क्रमाने.

हे फंक्शन यादी हातात देत नाही, त्याने हळू आवाजात समजावलं, ती ठेवलेल्या जागेचा पत्ता देतं. आणि त्याच्याकडे जागा एकच. दुसरा ग्रुप मागितला की पहिल्यावरच लिहून मोकळं होतं. म्हणून पहिल्याची आधी नक्कल करून ठेवायची. तोही सुरुवातीला इथेच फसला होता.

"म्हणजे... या दोन्ही याद्या पुण्याच्याच."

"पंधरा तारखेले निघतो."

एसी गुणगुणत राहिला. शामलाच्या बोटांनी कागदाची कड चुरगाळली.

"उमरेडच्या पाहुण्यांले मी काल नाही म्हटलं," ती म्हणाली. "या कागदावर भरवसा ठेवून."

त्याने अगदी जपून विचारलं – "आता हो म्हणसान काय?"

"नाही. कागद चुकला होता. मी नाही चुकली."

कृष्णकांतचे कान लाल झाले. रविवारी आईला घेऊन आपणच आलो तर, असं काहीतरी तो पुटपुटला. शामलाने कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला आणि ती म्हणाली, आधी नक्कल कशी ठेवतात ते दाखवा.

तो वाकला. तीन ओळींत दोनदा चुकला. तिने दोन्ही चुका दुरुस्त केल्या, पडद्यावरची नजर न काढता.

"चार वाजता या," ती म्हणाली. "त्याच्या आधी बाबा मागावरून उठत नाही."